डॉक्टरांचं ग्रिल रस्त्यावर आलं

"बघितलंस का? डॉक्टरांचं ग्रिल रस्त्यावर आलं," कुंपणावर दोन्ही कोपरं टेकवत शेजारच्या काकू म्हणाल्या. आवाजात जे काही होतं त्याला दुःख म्हणता येणार नाही.

बघितलं होतंच. न्यूजर्सीतल्या आमच्या रस्त्यावर प्रत्येक घरापुढे हिरवळ आणि दोन दोन गाड्या. माणूस म्हणून दिसत नाही. मोठं सामान टाकायचा दिवस हाच काय तो इथला सार्वजनिक कार्यक्रम. कुणाचा सोफा निघाला, कुणाची ट्रेडमिल निघाली, हे संध्याकाळी फिरायला जाताना सगळे बघतात आणि न बघितल्यासारखं करतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या दारात सहा बर्नरचं, सगळं स्टीलचं ग्रिल उभं होतं. झाकण अजून चकाकत होतं. वाकून पाहिलं तर पोटाला भोक. आतला पत्रा गंजून खाली लोंबत होता.

"किती वर्षं झाली असतील हो?"

"थोरल्याच्या हायस्कूलच्या ग्रॅज्युएशनला घेतलं. तो अजून कॉलेजातनं बाहेर पडलेला नाही. तिसरा हिवाळा झाला, बस." काकूंना वर्षं अशीच लक्षात राहतात, कुणाच्या घरी काय होतं तेव्हा काय विकत आलं. "मी होते ना त्या पार्टीला. सहाच्या सहा बर्नर पेटवलेले. मागची रांग करपली, पुढची कच्ची. डॉक्टर चिमटा घेऊन या टोकाकडून त्या टोकाला पळतायत. शेवटी पिझ्झा मागवला! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा."

मी हसले, पण मनातून जरा धसकलेच. कारण आमच्या घरी सध्या तोच विषय चालू आहे. आधीच्या टाउनहाउसात असोसिएशनचा नियम होता की डेकवर गॅसचं ग्रिल चालणार नाही. आता स्वतःचं घर, स्वतःचं अंगण, आणि स्वयंपाकघरात मात्र काचेची सपाट विजेची शेगडी. मी जळगावची. आमच्याकडे भरिताचं वांगं पऱ्हाट्यांवर भाजतात, निदान गॅसच्या ज्योतीवर तरी. काचेवर काय भाजणार? ओव्हनमध्ये वांगं ठेवलं तर ते शिजतं, मऊही होतं, पण भाजल्याचा वास काही येत नाही. पापडाची तीच गत, फुलक्यांची तीच. आणि मोहरी जरा जास्त तडतडली की छताचा धुराचा भोंगा केकाटायला लागतो. इथल्या अर्ध्या मराठी घरांत ग्रिल येतं ते बर्गरसाठी नाही, घरात एक खरीखुरी ज्योत हवी म्हणून येतं, असं माझं मत आहे.

"तुमचं कुठवर आलंय?" काकूंनी विचारलं.

"नवऱ्यानं एक्सेल केलीय."

"अरे देवा."

"बर्नर किती, बीटीयू किती, किंमत किती, लोकांनी तारे किती दिले. सगळे रकाने आहेत. डॉक्टरांच्यासारखंच एक सध्या पहिल्या नंबरावर आहे."

"बीटीयूचा रकाना आधी पुसून टाक म्हणावं," काकू म्हणाल्या. त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत हिशेब तपासण्यात गेली. आकडा कुणी पुढे केला की त्यांना तो उलटा करून बघितल्याशिवाय राहवत नाही. "बीटीयू म्हणजे ग्रिल तासाला गॅस किती खाऊ शकतं त्याचा आकडा. खातंय किती ते कळलं, रांधतंय किती ते कुठं कळलं? त्या आकड्याला जाळीच्या क्षेत्रफळानं भागायचं. वेबरचं तीन बर्नरचं स्पिरिट बघ. ते साधारण ३०,००० बीटीयूचं येतं आणि मुख्य जाळी ४२४ चौरस इंच. म्हणजे इंचामागे सत्तर. एवढ्यात कोंबडी, मासे, वांगी, सगळं होतं, कारण झाकण नीट बसतं आणि भिंती जाड आहेत. पातळ पत्र्याच्या खोक्याला साठ हजार बीटीयू दिलेस तरी काय? बाजूच्या फटींतनं सगळी ऊब अंगणात. चिमण्यांना उबारा!"

"पण मागं तर फट असतेच ना?"

"मागं लागतेच, धूर आणि जळका वायू जायला. मी बाजूचं म्हणतेय. दुकानात झाकण लाव आणि दोन्ही बाजूंनी बघ. मग ते दोन बोटांनी धरून डावीउजवीकडे हलव. खुळखुळलं की पुढचं बघायचंच नाही. आणि झाकणावरच्या काट्यावरही फार विसंबू नकोस. तो वरच्या हवेचं तापमान दाखवतो, जाळीवर काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी ब्रेड आणायचा."

"ब्रेड?"

"स्वस्तातला पांढरा. ग्रिल तापवून जाळीभर स्लाइस मांडायचे, मिनिटभरानं उलटायचे. कुठं काळा, कुठं पांढरा, नकाशाच मिळतो. डॉक्टरांनी एका ब्रेडचे पैसे खर्च केले असते तर पिझ्झाचे वाचले असते."

मग त्यांनी मला विचारलं, "फ्रिजवर चुंबक आहे ना?"

"आहे, गणपतीचं."

"ते नको गं, दुकानात कुठं गणपतीला ग्रिलच्या पोटात घालतेस. दुसरं असेल की, नायगाऱ्याचं."

होतंच. आईवडील एकदा इथे येऊन गेले की नायगाऱ्याचं चुंबक प्रत्येक मराठी फ्रिजवर येतंच. काही घरांत दोन्हीकडच्या आईवडिलांची मिळून दोन असतात.

"ते पर्समध्ये टाक आणि दुकानात प्रत्येक ग्रिलला लावून बघ. स्टेनलेस स्टील असं पाटीवर लिहिलेलं असतं, पण कुठलं ते नाही लिहीत. भांड्यांच्या दुकानात आपण १८/८ विचारायचो, आठवतं? १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. इथे त्याला ३०४ म्हणतात. चुंबक त्याला चिकटत नाही, चिकटलंच तर अगदी पुसट. दुसरं ४३०, त्यात निकेल जवळजवळ नाहीच. चुंबक टपकन बसतं, आणि पावसात नि बर्फात राहिलं की तांबूस ठिपके यायला लागतात. डॉक्टरांचं सगळं ४३०. मी लावून बघितलंय."

"कधी?"

"काल रात्री, कचरा ठेवायला गेले होते तेव्हा." काकूंनी पदर नसलेल्या खांद्यावर पदर सारखा केला. "पण एवढ्यावरही जाऊ नकोस हं. २०१ नावाचं एक स्टील येतं, त्यात निकेलच्या बऱ्याचशा जागी मँगनीज घालतात. स्वस्त पडतं. चुंबक त्यालाही चिकटत नाही आणि गंजाला मात्र ते ३०४ पेक्षा लवकर बळी पडतं. घट्ट चिकटलं तर ३०४ नाही एवढं नक्की. नाही चिकटलं तर कंपनीच्या कागदावर ३०४ लिहिलंय का ते वाचायचं. नुसतं 'स्टेनलेस' लिहिलं असेल तर समजायचं काय ते."

हे ऐकताना मला वाटत होतं की मग सगळंच ३०४ हवं. काकूंचं म्हणणं नेमकं उलटं निघालं. बाहेरचं झाकण, कपाटाची दारं, बाजूचे खण, यावर पैसे घालवायचेच नाहीत. रंगवलेल्या लोखंडाचे असले तरी चालतील. गंजले तर दिसायला वाईट, बाकी काही नाही. उलट एनॅमलचं काळं झाकण पुसायला सोपं, आणि त्यावर बोटांचे ठसे दिसत नाहीत. पैसे जायला हवेत ते आत, जिथे आग आणि आंबट चरबी आणि मीठ रोज एकत्र येतात तिथे. आधी बर्नरच्या नळ्या, मग त्यांच्यावरच्या पट्ट्या, मग जाळी, आणि या सगळ्यांना पोटात घेणारं खोकं.

"खोकं ओतीव अॅल्युमिनियमचं बघ," त्या म्हणाल्या. "तिथंही चुंबक चिकटत नाही, आणि तिथं न चिकटणं ही फार चांगली गोष्ट. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढतच नाही. बर्नर काय, नळीच ती. सहासात वर्षांनी भोकं मोठी होतात, फाटते, नवी आणायची, चार स्क्रू. पट्ट्याही तशाच. पण खोकं गेलं की ग्रिल गेलं. डॉक्टरांचं तेच झालं ना."

"बर्नर बदलता आले नसते त्यांना?"

"मिळायला हवेत ना! मोठ्या दुकानांतनं दुकानाच्याच नावाची ग्रिलं येतात. दरवर्षी नवं मॉडेल, नळी एक इंचानं लांब नाहीतर आखूड. चार वर्षांनी फोन केला की तिकडची मुलगी गोड आवाजात सांगते, ते मॉडेल आता नाही. मग इंटरनेटवरनं 'कुठल्याही ग्रिलला बसेल' असली नळी मागवायची, ती कशालाच बसत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घ्यायच्या आधी एक काम कर. मॉडेलचा नंबर घे आणि त्याच कंपनीच्या दहा वर्षांपूर्वीच्या ग्रिलचा बर्नर आज विकत मिळतो का बघ. मिळाला तर ती कंपनी घरची. कॅनडातलं नेपोलियन किंवा ब्रॉइल किंग घे, तीही बरी. आमचं आहे ते वेबर."

मग हिशेब आला. येणारच होता. अडीचशे डॉलरचं ग्रिल तीन वर्षं टिकलं तर वर्षाला ८३ पडतात. साडेपाचशेचं बारा वर्षं टिकलं आणि मध्ये दीडशेचे बर्नर, पट्ट्या घातल्या, तर ७०० भागिले १२, म्हणजे ५८. शिवाय दर तीन वर्षांनी नवं खोकं उघडून ते शंभर स्क्रू लावत बसायचं नाही. "आणि नवऱ्याशी भांडायचं नाही," काकूंनी पुस्ती जोडली. "जोडणीच्या वेळची भांडणं वाईट असतात. एक स्क्रू उरतोच."

त्यांचं पहिलं ग्रिल त्यांनी इथे आल्या आल्या घेतलं होतं. त्यात बर्नरच्या वर लाव्हाचे दगड असायचे. चरबी त्यात मुरायची आणि मग एखाद्या रविवारी सगळे दगड एकदम पेट घ्यायचे. वेबरनं १९८५ साली जेनेसिस काढलं त्यात दगडांच्या जागी उलट्या 'व्ही'च्या आकाराच्या पट्ट्या आल्या. बर्नरच्या डोक्यावर टोपी बसते, चरबी तिच्यावर पडून काही जळून धूर होते, उरलेली घरंगळून खालच्या तबकात जाते. आज जवळपास सगळे तेच करतात. ही तीच शिकागोकडची कंपनी, जिथे जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं १९५२ साली पाण्यात तरंगणाऱ्या धातूच्या बोयाच्या गोलार्धातून झाकणवालं कोळशाचं ग्रिल बनवलं. काकूंच्या मते कोळशाची चव ती कोळशाची, त्यात वादच नाही. पण मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन कोळसे फुलायची वाट कोण बघत बसणार?

"बरं, साइड बर्नर घ्यायचा की नाही?" मी विचारलं. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये त्या रकान्यात 'अनावश्यक' असं लिहिलं आहे. सगळे अमेरिकन परीक्षक तसंच सांगतात, त्यावर कुणी काही शिजवत नाही म्हणे, झाकण लावून त्यावर सॉसच्या बाटल्या ठेवतात.

काकू कुंपणापासून चक्क मागे सरकल्या. "त्यांना काय करायचाय साइड बर्नर? त्यांच्या घरात बांगडा तळतात का?"

हा मुद्दा बिनतोड होता. काकू वेंगुर्ल्याच्या. बांगडा घरात तळला की वास पडद्यांत, कोटांत, मुलांच्या दप्तरांत शिरतो आणि मार्चपर्यंत बाहेर पडत नाही, कारण हिवाळ्यात खिडक्या उघडायच्या नसतात. साइड बर्नर आला आणि त्यांच्या संसारात मासे परत आले. तिखट-मीठ-कोकम लावून रव्यात घोळवलेला बांगडा, लोखंडी तवा आणि दोन चमचे तेल. कढईभर तेल मात्र तिथे ठेवायचं नाही. जागा अरुंद, वारा वाहतो, आणि तेल उतू गेलं तर खाली गॅसची नळी. वाऱ्यात ज्योत फडफडते म्हणून त्यांनी तो घराच्या आडोशाच्या बाजूला येईल असं ग्रिल वळवून ठेवलंय. घरापासून चांगलं दहा फूट लांब, हेही लगेच सांगितलं, कारण मागच्या गल्लीतल्या एका घराच्या प्लॅस्टिकच्या सायडिंगला ग्रिलच्या आचेनं लाटा आल्यात आणि आता ते घर विकायला काढलंय.

"फोडणीसुद्धा तिथंच," त्या म्हणाल्या. "फक्त सगळं हाताशी ठेवायचं. मोहरी विसरून आत गेलीस की हिंग जळाला."

त्यानंतर आम्ही एका फार नाजूक विषयाकडे वळलो. शाकाहारी बाजू.

ज्यानं मराठी मंडळींना अंगणात जेवायला बोलावलंय त्यालाच हा प्रश्न कळेल. एका जाळीवर एकीकडे तंदुरी कोंबडी आणि दुसरीकडे पनीर, आणि पनीरवाले पाहुणे त्या दोघांमधलं अंतर डोळ्यांनी मोजतायत. चिमटा एकच असला तर संपलंच. काकू म्हणाल्या, नळ्या पुढून मागे जाणाऱ्या बघ. जुन्या पद्धतीत बर्नर डावीकडून उजवीकडे आडवे असत, म्हणजे आचेचे भाग पुढचा आणि मागचा असे पडायचे आणि कोंबडीवरून हात नेल्याशिवाय पनीर उलटता यायचं नाही. नळ्या पुढून मागे असल्या की डावी बाजू आणि उजवी बाजू. तीन बर्नर असले की मधला बंद ठेवायचा. डावीकडे शाकाहार, चिमटा वेगळा, त्याला हिरवा दोरा बांधलेला. दोन बर्नरवर हे नीट जमत नाही, आणि चारजणांच्या घराला चौथा बर्नर कशाला? म्हणून तीन.

"आणि जे त्या ग्रिलवरचं काहीच खात नाहीत?"

"त्यांना घरात बसवायचं, एसीत, आणि ढोकळा द्यायचा. सगळं काही यंत्रानं सुटत नाही."

मी म्हटलं, खरी पंचाईत श्रावणाची आहे. इथे ग्रिलचा हंगाम ऐन भरात येतो आणि तिकडे श्रावण लागतो. काकू श्रावण पाळतात, कडक. तेव्हा त्या सगळ्या जाळ्या काढून, घासून, तापवून घेतात आणि महिनाभर नुसती कणसं, वांगी, ढोबळी मिरची, रताळी. जर्सीचं कणीस जुलै-ऑगस्टमध्ये असं गोड असतं की त्याला लिंबू-तिखट लावायचंही जिवावर येतं, हे माझं मत. काकूंना लिंबाशिवाय कणीस म्हणजे गुन्हा वाटतो. वांग्याबद्दल मात्र एकमत झालं. टोचून, तेलाचा हात लावून, मोठ्या आचेवर, झाकण लावून ठेवायचं आणि अधूनमधून फिरवायचं. इथलं जाडं जांभळं वांगं असेल तर अर्धा तास धरायचा. साल कोळशासारखी काळी होऊन आत बसली की काढायचं. त्या भरिताला जळगावच्या हिरव्या वांग्याची सर नाही, पण काचेच्या शेगडीवरून उठलेल्या माणसानं तक्रार करू नये.

एवढ्यात समोरच्या निळ्या दाराच्या घरातून गाडी बाहेर पडली. काकूंनी हात हलवला, गाडी वळेपर्यंत हसतमुख राहिल्या आणि मग माझ्याकडे वळल्या.

"यांची गंमत सांगितली का तुला? नवं ग्रिल आणलं, पाचशेचं. पेटवलं तर ज्योत एवढीशी, काटा तीनशेच्या वर जाईना. फॅरनहाइट हं. नवरा गेला दुकानात, भांडला, बदलून आणलं. दुसरंही तसंच! परत गेला, परत भांडला. तिसऱ्या वेळी दुकानवाल्यानं दुसऱ्या शहरातलं दुकान बघा म्हणून सांगितलं. मग त्याची बायको माझ्याकडे आली. मी गेले, दोन मिनिटांत ज्योत लावून दिली."

"काय केलंत?"

"काही नाही. टाकीच्या तोंडाशी एक राखणदार बसवलेला असतो. गॅस एकदम जोरात सुटला की त्याला वाटतं नळी फुटली, आणि तो वाट जवळजवळ बंद करून टाकतो. हा गडी काय करायचा, आधी बर्नरची बटणं उघडायचा आणि मग टाकी. गॅस धावत सुटला, राखणदार खवळला. सगळं बंद करायचं, नळी टाकीपासून सोडवायची, मिनिटभर थांबायचं, परत जोडायची. मग बटणं बंद असतानाच टाकी हळूहळू उघडायची. त्यानंतर झाकण वर करून बर्नर पेटवायचा. झाकण लावून कधी पेटवायचं नाही, आत गॅस साठला असला तर भुवया जातात. बंद करतानाही शेवटी टाकी बंद."

"मग ती दोन ग्रिलं चांगलीच होती?"

"अगदी चांगली! कुणीतरी परत केलेली म्हणून स्वस्तात नेली असतील. नशीबवान." हे सांगताना काकूंचे डोळे जरा लकाकले, कारण परत केलेलं आणि मांडून ठेवलेलं ग्रिल यावर त्यांचा स्वतंत्र अभ्यास आहे. मेच्या शेवटी मेमोरियल डे, मग चार जुलै, तेव्हा सेल असतात, पण खरी किंमत उतरते ती सप्टेंबरात लेबर डे झाल्यावर. दुकानाला ती जागा पाल्याच्या पिशव्यांना आणि बर्फाच्या फावड्यांना हवी असते. मांडलेलं, जोडलेलं ग्रिल तेव्हा मागितलं तर देतात. त्याहून स्वस्त म्हणजे घर हलवणाऱ्यांचं जुनं. काकूंचं सध्याचं तसंच, टेक्सासला निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतलेलं, नव्याच्या चौथाई किमतीत. खोकं ओतीव अॅल्युमिनियमचं होतं, बाकी बर्नर, पट्ट्या, जाळी सगळं नवं घातलं. "आता त्यात जुनं काय राहिलंय विचारशील तर खोकं, झाकण आणि चाकं."

टाकीचाही हिशेब त्यांनी केलेला आहे. इथली नेहमीची टाकी २० पौंडांची, म्हणजे नऊ किलो. आपल्याकडचं लाल सिलिंडर १४.२ किलोचं. पौंडभर प्रोपेनमध्ये साधारण साडेएकवीस हजार बीटीयू असतात. म्हणजे तीस हजारांचं ग्रिल पूर्ण आचेवर ठेवलं तर भरलेली टाकी चौदा तास पुरते. पण पेट्रोल पंपाबाहेरच्या पिंजऱ्यातून रिकामी देऊन भरलेली घेतो तिच्यात बहुतेक वेळा १५ पौंडच गॅस असतो, लेबलवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. म्हणजे पावणेअकरा तास. हार्डवेअरच्या दुकानात डोळ्यांदेखत भरून घेतली तर पूर्ण वीस, आणि पैसे बहुधा कमीच. किती उरलाय ते बघायचं तर वजनकाट्यावर ठेवायची. गळ्यावर टीडब्ल्यू म्हणून रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, ते वजा करायचं.

"आपल्याकडे एलपीजीत ब्यूटेनही असतो," मी माझं बारावीचं रसायनशास्त्र पुढे केलं.

"इथे तो चालायचा नाही. ब्यूटेन शून्याच्या आसपासच द्रव होऊन बसतो. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत वायू राहतो, म्हणून जानेवारीत बर्फ झटकून सुरमई भाजता येते. भाजतेच मी. पण टाकी गॅरेजमध्ये आणायची नाही, हिवाळ्यातही. बाहेरच, उभी. तुमच्यासारखी नवी मंडळी गारठेल म्हणून तिला घरात घेतात."

निगेबद्दल त्या फार बोलल्या नाहीत, किंवा मीच तोवर घड्याळ बघायला लागले होते. तारांचा ब्रश नको. तार सुटून जाळीवर राहते, घासाबरोबर घशात जाते, लोक दवाखान्यात पोचलेत. लाकडी खरवडणी आणि नंतर अर्धा कांदा फिरवायचा. झाकणाच्या आतून काळे पोपडे पडायला लागले की लोक रंग सुटला म्हणून कंपनीला फोन करतात. तो रंग नसतो, साठलेला धूर आणि चरबी असते, खरवडली की झालं. खालचं तबक भरू द्यायचं नाही, आगी लागतात त्या तिथूनच. आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नरच्या नळ्या बाटली घासायच्या ब्रशनं साफ करायच्या. कोळी हिवाळ्यात आत जाळं करून बसतात. गॅसला पुढची वाट मिळाली नाही की तो मागं फिरतो आणि ज्योत बटणांच्या मागून निघते. साबणाचं पाणी जोडांवर लावून बुडबुडे येतात का तेही बघायचं, ते तर आपल्याकडेही करतात.

"म्हणजे तीन बर्नर," मी बोटांवर मोजायला लागले, "नळ्या पुढून मागे, खोकं ओतीव, साइड बर्नर हवा, झाकण काळं चालेल, आणि सप्टेंबरपर्यंत थांबायचं."

"बरोबर."

"पण काकू, सप्टेंबरपर्यंत थांबलो तर गटारी गेली की!"

काकूंनी क्षणभर विचार केला. हिशेबनीस बाई आणि वेंगुर्ल्याची बाई यांच्यात काहीतरी बोलणी झाली असावीत.

"गटारीला आमच्याकडे या," त्या म्हणाल्या. "मासे माझे, वांगी तुझी. निळ्या दारवाल्यांनाही सांगते, फक्त त्याला बटणांना हात लावू द्यायचा नाही. आणि तुझ्या नवऱ्याला म्हणावं एक्सेल घरी ठेव, येताना टाकी घेऊन ये. पिंजऱ्यातली नको, भरून घेतलेली."